पदकामागचा ठसा

पवित्र मरियेचे चमत्कारी पदक ज्या घरात नाही, असे कॅथलिक घर शोधूनच काढावे लागेल. संत कॅथरीन लाबुरे यांना १८३० साली पॅरिसमधील रू द्यू बाक येथील मठात झालेल्या दर्शनांविषयी आपण वाचतो, प्रवचनांतून ऐकतो. परंतु ते दर्शन धातूवर उतरले कसे, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

२७ नोव्हेंबरचे दर्शन कॅथरीन यांनी केवळ आपले आध्यात्मिक मार्गदर्शक फादर आलादेल यांना सांगितले. फादरांनी प्रारंभी ते मनावर घेतले नाही. अखेर १८३२ च्या आरंभी आर्चबिशप द केलेन यांची अनुमती मिळाली आणि काम आद्रियां व्हाशेत या सुवर्णकाराकडे गेले. हे गृहस्थ १७५३ साली जन्मलेले, म्हणजे तेव्हा ऐंशीच्या घरातले. सोन्याच्या नक्षीदार तपकिरीच्या डब्यांसाठी त्यांची ख्याती होती. तपकिरीच्या डब्या करणाऱ्याच्या दुकानातून हे पदक बाहेर पडावे, याची मला मौज वाटते.

असे पदक दाबून उठवायचे, तर आधी ठसा हवा. मऊ पोलादाच्या ठोकळ्यावर कारागीर आकृती कोरतो, पण ती उलटी आणि खोलगट. जिथे मरियेची मुद्रा उठून दिसायची तिथे खड्डा, उजव्या हाताच्या जागी डावा, आणि काठावरच्या प्रार्थनेचे प्रत्येक अक्षर आरशात दिसावे तसे. मधूनमधून मेण दाबून तो पारख करतो. कोरणे संपले की ठोकळा लाल होईतो तापवून त्याला पाणी द्यायचे. खरी परीक्षा इथेच! अनेक दिवसांची मेहनत एका क्षणात तडकू शकते. पोलाद फारच कडक राहिले तर दणक्याने फुटेल, म्हणून पुन्हा बेताने तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. क्रूस, मरियेचे आद्याक्षर आणि दोन हृदये असलेली मागची बाजू हा दुसरा ठसा. दोहोंच्या मध्ये धातूची चकती ठेवून मळसूत्री दाबयंत्र फिरविले की दोन्ही बाजू एकदम उठतात. कडेचा जादा धातू कापावयास पंच व डाय वेगळे. त्यांतील फट धातूच्या जाडीच्या मानाने राखावी लागते. ती बिघडली की पदकाच्या कडेला बर राहतो. कारखान्याच्या टूलरूममध्ये हयात घालविलेल्या आपल्या मंडळींना हे वर्णन परके वाटणार नाही. यंत्रे बदलली, डायमेकरची चिंता तीच आहे.

मार्च १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची साथ उसळली होती. त्या वर्षात शहरातील सुमारे १८ हजार माणसे दगावली. ३० जूनला पहिली १५०० पदके हाती आली आणि धर्मभगिनींनी ती आजाऱ्यांत वाटली. 'चमत्कारी' हे नाव लोकांनीच दिले. १८३९ पर्यंत पदकांची संख्या १ कोटीवर गेल्याचे सांगतात. इतक्या पदकांसाठी किती ठसे झिजले असतील! झिजत्या ठशातून बारीक अक्षरे आधी पुसट होतात. ती अक्षरे काही साधी नव्हती. मरियेच्या अमलोद्भवाचा सिद्धान्त पोप पायस नववे यांनी १८५४ साली घोषित केला. त्याच्या बावीस वर्षे आधी तो श्रद्धाभाव पोलादात कोरला गेला होता.

पण ठशात एक गोष्ट राहून गेली. कॅथरीन यांनी पाहिलेल्या मरियेच्या हातांत प्रथम पृथ्वीचा गोल होता. पदकावर तो आला नाही. तेथे खाली पसरलेले हात आणि त्यांतून निघणारे किरण तेवढे आहेत. पदक जगभर पोहोचले, आणि दर्शन कोणाला झाले हे जगाला न सांगता कॅथरीन वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करीत राहिल्या. तब्बल ४६ वर्षे! फादर आलादेल १८६५ साली निवर्तले. १८७६ मध्ये, मृत्यूला काही महिने उरले असता, त्यांनी आपल्या मठप्रमुख सिस्टर द्यूफेस यांना गोलाची हकिगत सांगितली, आणि तशी मूर्ती करविण्यात आली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला त्या वारल्या. पदकाचा ठसा मात्र पूर्वीचाच राहिला. आपल्या गळ्यातील पदक पाहिले तर हात आजही रिकामेच दिसतात.