निरोपाला वेळ लागतो

मागच्या रविवारी भाच्याच्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ गेम बघितला. नाव 'स्पिरिटफेअरर'. म्हटलं, असेल मारामारीचाच. तर निघाला मेलेल्या माणसांना जेवू घालण्याचा!

आपल्याकडे वैतरणी, तशी ग्रीकांकडेही मृतांची नदी आहे. तिथला नावाडी कॅरॉन. त्याच्या भाड्यासाठी मृताच्या तोंडात नाणं ठेवायची पद्धत होती. गेममध्ये कॅरॉन निवृत्त होतो आणि त्याचं काम स्टेला नावाच्या मुलीकडे येतं. ती बोटीवर आलेल्या आत्म्यांसाठी घर बांधते, आवडीचं रांधते, मिठी मारते. त्यांच्या मनाची तयारी झाली की शेवटच्या दारापर्यंत सोडून येते. पुढे कळतं, स्टेला जिवंतपणी मरणाच्या दारातल्या रुग्णांची नर्स होती.

हा गेम कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या थंडर लोटस कंपनीचा. ते शहर वाचून मी थबकलो, कारण 'पॅलिएटिव्ह केअर' हे नाव त्याच शहरातलं.

थोडं मागे जाऊ. सिसिली साँडर्स आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. 'आता उपाय नाही' म्हटल्यावर रुग्णाकडे कुणी फिरकत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. तिथे वेदना थांबवायची, घरच्यांना जवळ बसू द्यायचं, बोलू द्यायचं. मॉन्ट्रियलचे सर्जन बाल्फर माउंट ते शिकून आले आणि 1975 मध्ये रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये असा विभाग सुरू झाला. फ्रेंच लोकांना 'हॉस्पिस' म्हटलं की निराधारांचा आश्रम आठवायचा, म्हणून त्यांनी 'पॅलिएटिव्ह केअर' हे नाव दिलं. 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस.

म्हणजे नीट निरोप घेणं आपोआप होत नाही. त्याला जागा, औषध, माणूस आणि वेळ लागतो. कुणीतरी हट्टाने ते उभं करावं लागतं.

गेम आला ऑगस्ट 2020 मध्ये. तेव्हा मी रोज संध्याकाळी कोरोनाचे आकडे घेऊन बातमी करत होतो. किती बाधित, किती मृत. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. कित्येकांना तर शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. गेममध्ये अतुल नावाचा एक खवय्या बेडूक आहे. एका सकाळी तो बोटीवर नसतोच. ना दार, ना निरोप. भाचा म्हणाला, "मामा, इथे सगळे रडतात." मला माझे आकडे आठवले. त्या आकड्यांत असे किती अतुल होते, हे मी कधी लिहिलंच नाही.

साथ गेली, पण कॅन्सरचा शेवटचा टप्पा, अंथरुणाला खिळलेले म्हातारे आईवडील हे घरोघरी आहेच. केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून कागदावर आहे. आपण रस्ता, पाणी, गटार यावर भांडतो, भांडलंच पाहिजे. पण पुढच्या वेळी सिव्हिलमध्ये गेलात तर एवढं विचारा: इथे पॅलिएटिव्हचा कक्ष आहे का? वेदनेवर मॉर्फिन मिळतं का? नर्स घरी येते का?

जे उत्तर मिळेल ते खाली लिहा. यावेळी बातमी नुसत्या आकड्यांची करणार नाही.