अंगणवाडीचा मागोवा

अंगणवाडी म्हटलं की आज वजनकाटा आणि खिचडीचं पातेलं आठवतं. तिची सुरुवात मात्र खेळातून झाली.

मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. ती पद्धत गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरच्या बालमंदिरात रुजवली. तिथे ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पण ही शाळा शहरी होती, साधनंही महागडी. 1945 मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत आल्या, सोबत अनुताई वाघ. बालवाडी निघाली, तरी वस्तीवरची पोरं तिथवर येईनात. मग बायाच वस्तीवर गेल्या आणि अंगणातच वर्ग भरू लागला. आधी तोंडं धुवायची, नखं कापायची, मग गाणी. ठोकळ्यांऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया. पुढे जवळच्याच कोसबाडला वारली मुलं गुरांमागे जातात म्हणून कुरणशाळा निघाली. धाकटं भावंड सांभाळण्यात शाळा बुडते म्हणून पाळणाघर आलं. मूल का येत नाही ते शोधायचं आणि त्याप्रमाणे शाळा बदलायची, हीच त्यांची योजना आणि हेच मूल्यमापन.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्राने 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषणाचं शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा एकाच छपराखाली, अंगणवाडीत, आल्या. कुपोषण समोर दिसत होतं, तेव्हा काटा हवाच होता. पण वजन नोंदवहीत चढतं, गाण्याची नोंद कुठे करायची? एकटी सेविका आहार वाटणार, वजन घेणार, रजिस्टरं भरणार. शिकवणं उरल्या वेळात.

यावर नेमकी चाचणी तमिळनाडूत झाली. 320 अंगणवाड्यांपैकी निम्म्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथे शिकवण्यापुरती एक अर्धवेळ कार्यकर्ती जादा दिली. सुमारे दीड वर्षाने गणितात आणि भाषेत ती मुलं पुढे होती. शिवाय तिथे खुजेपण आणि तीव्र कुपोषणही कमी आढळलं, कारण जुन्या सेविकेला आहार-आरोग्याकडे बघायला सवड मिळाली. म्हणजे खेळ आणि काटा यांचं भांडण कधी नव्हतंच. दोन्ही कामं एकाच बाईच्या गळ्यात होती.