हक्काच्या कागदानंतरचे गाव : मेंढा (लेखा) आणि आपल्याकडील गायराने

दिंद्रुड-तेलगाव परिसरातील आपल्या वाचकांना 'गायरान' या शब्दाचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. गावच्या गुरांसाठी राखून ठेवलेल्या या सरकारी जमिनीचे पडीक तुकडे अनेक भूमिहीन कुटुंबांनी घाम गाळून कसायला आणले. तेलगावला केंद्र करून कार्य करणारे ॲड. एकनाथ आवाड (१९५६-२०१५) यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून मराठवाड्यातील या कुटुंबांना संघटित केले. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करावीत, असा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. तरीही कित्येक कसणाऱ्यांच्या नावे सातबारा झाला नाही. जेथे झाला, तेथेही पुढे विहीर, बियाणे, कर्ज आणि बाजार यांची वाट ज्याने त्याने एकट्याने शोधली. हक्क मिळाल्यावर गावाने काय करावे, हा प्रश्न म्हणूनच आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्याचे सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात सापडते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड आदिवासींचे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याने केवळ कसत्या जमिनीवरील वैयक्तिक हक्कच नव्हे, तर गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या जंगलावरील सामूहिक हक्कही मान्य केला. त्यानुसार २००९ मध्ये मेंढा गावाला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावरील हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते.

परंतु कागद हाती आला तरी बांबू गावाबाहेर नेता येईना. बांबू हे लाकूड आहे, असे वन विभागाचे म्हणणे होते आणि वाहतुकीचा परवाना देण्यास तो तयार नव्हता. वनहक्क कायद्यात तर बांबूचा समावेश गौण वनोपजात स्पष्टपणे केलेला आहे. हा पेच अखेर २७ एप्रिल २०११ रोजी सुटला. त्या दिवशी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. एका पुस्तकासाठी दोन मंत्र्यांना गावात यावे लागले, यातच कागदावरचा हक्क आणि वापरता येणारा हक्क यांमधील अंतर दिसून येते.

या परवान्यांचा उपयोग गावाला करता आला, कारण त्याची तयारी फार आधीपासून होती. १९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टनम या धरणांविरुद्धच्या 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनातून येथील लोक जागे झाले. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल (निधन २०२५) यांनी तेथे एक साधी पद्धत रुजवली. अभ्यास गटात कोणताही विषय कितीही काळ चर्चिला जावा, बाहेरच्या जाणकारांनी माहिती द्यावी. निर्णय मात्र ग्रामसभेनेच घ्यावा आणि तोही सर्वसहमतीने. बहुमताने कोणावर काही लादायचे नाही. यास वेळ लागतो, दारूबंदीच्या निर्णयालाही लागला. स्त्रियांच्या सहभागाशिवाय तो टिकला नसता, असे आमचे मत आहे.

बाहेरच्या संस्थांशी नाते कसे ठेवावे, याचा धडाही येथेच मिळतो. मेंढ्यात मित्राला सल्ला देण्याचा अधिकार आहे, मत देण्याचा नाही. संशोधकालाही आधी ग्रामसभेची अनुमती घ्यावी लागते. ग्रामसभेने स्वतःचे बँक खाते व पॅन क्रमांक घेतला, बांबूची विक्री स्वतः केली आणि रोजगार हमीची कामेही आपल्या हाती घेतली. मजुरीतील काही वाटा गावनिधीत जमा होतो. २०१३ मध्ये तर गावकऱ्यांनी आपली खासगी शेतीही १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यान्वये ग्रामसभेच्या नावे केली. कसणारे कुटुंब तेच राहिले, पण जमीन परस्पर बाहेरच्याला विकण्याचा मार्ग बंद झाला. सावकार आणि दलाल यांचा अनुभव असलेल्या कोणालाही या तरतुदीचे मोल सहज कळेल.

दूर ऑस्ट्रेलियातही हाच प्रश्न पुढे आला. ३ जून १९९२ च्या माबो निकालाने तेथील मूळ रहिवाशांचा भूमिहक्क प्रथमच मान्य झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील नूंगार समाजाने शासनाशी केलेला सहा करारांचा समझोता फेब्रुवारी २०२१ मध्ये अमलात आला. त्यात सुमारे ३०,००० लोकांचा समावेश आहे. समाजाने न्यायालयातील भूमिहक्काचे दावे सोडले आणि त्याबदल्यात एक विश्वस्त निधी, जमिनींचा वाटा आणि सहा प्रादेशिक संस्था मिळवल्या. रक्कम मोठी आहे. तथापि त्या सहा संस्थांत कोण बसणार आणि बाहेरच्या सल्लागारांचे किती ऐकणार, हे त्यांनाही स्वतःच ठरवावे लागते. आमच्या मते या बाबतीत मेंढा काही पावले पुढे आहे. तेथे निर्णयाची सवय आधी लागली आणि पैसा नंतर आला.

आता पुन्हा आपल्या गायरानांकडे वळू. महसुली गायरानाला वनहक्क कायदा लागू होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्यात शासनाच्या निर्णयान्वये भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद मात्र ठेवलेला आहे. म्हणून १९९१ च्या निर्णयाखाली बसणाऱ्या कुटुंबांसाठी पुरावा हाच आधार ठरतो. गाव नमुना १-ई मधील नोंद, जुनी पीकपाहणी, दंड भरल्याच्या पावत्या हे कागद एकेका घराच्या पेटीत विखुरलेले असतात आणि वृद्ध मंडळींच्या पश्चात ते हरवतात. ते सर्व कुटुंबांनी मिळून एका ठिकाणी लावावेत, त्यांच्या प्रती काढाव्यात आणि धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी महिन्यातून एकदा बसून ते ज्येष्ठांना वाचून दाखवावेत. मेंढ्यातील अभ्यास गटांतही अशीच बैठक आणि अशीच चर्चा होत असे.