गुंतलेल्या फोटॉनांनी शोषण मोजायचं: एका कल्पनेची एकतीस वर्षं

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्यांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "क्वांटम प्रकाश वापरला की मोजमाप जास्त अचूक होतं." मुलाखतीत हे म्हणालात, तर समोरून दोन प्रश्न येतीलच. कशापेक्षा अचूक? आणि त्यासाठी मोजावं काय लागतं? पीएचडीची चार-पाच वर्षं ज्या विषयात घालवायची, त्याबद्दल हे दोन प्रश्न आपणच आधी विचारलेले बरे. म्हणून आज ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोस्कोपीतल्या एका कल्पनेचा इतिहास बघू.

आधी अडचण समजून घ्या. नमुन्यातून प्रकाश पाठवायचा, किती बाहेर आला ते मोजायचं आणि प्रत्येक तरंगलांबीला हेच करत जायचं. समजा, लेझरमधून सरासरी १०,००० फोटॉन पाठवले आणि नमुना त्यातला १ टक्का शोषतो. म्हणजे १०० फोटॉन कमी यायला हवेत. पण लेझर दर वेळी मोजून १०,००० देत नाही. संख्या वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे साधारण १०० ने, वरखाली होते. जी घट शोधायची, तेवढाच गोंधळ! यालाच शॉट नॉइज म्हणतात. विद्युतप्रवाहातला असा गोंधळ वॉल्टर शॉटकी यांनी १९१८ मध्येच मांडला होता. उपकरण कितीही चांगलं घ्या, लेझरचा हा गोंधळ त्याच्या स्वभावातच आहे.

आता १९७० मध्ये या. अमेरिकेत नासाच्या एका केंद्रात बर्नहॅम आणि वाइनबर्ग यांनी अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या स्फटिकावर ३२५ नॅनोमीटरचा लेझर सोडला. त्यातला एखादाच फोटॉन फुटून दोन होतात. हे दोघं खरंच एकाच वेळी निघतात का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दोन डिटेक्टर योग्य कोनांत ठेवले, तेव्हा दोन्हीकडे एकदम टिचक्या पडल्या. उत्तर मिळालं: हो, जोडीनेच निघतात. स्पेक्ट्रोस्कोपीचा इथे संबंधही नव्हता.

मग मॉस्कोच्या डेव्हिड क्लिश्को यांनी १९८० मध्ये याच टिचक्यांना वेगळा प्रश्न विचारला. डिटेक्टर १ वाजला, म्हणजे डिटेक्टर २ कडे जोडीदार निघालेला आहेच. तरी तो वाजला नाही, तर दोष त्या वाटेचा किंवा त्या डिटेक्टरचा. म्हणजे एकत्र टिचक्या भागिले डिटेक्टर १ च्या टिचक्या, हा साधा भागाकार डिटेक्टर २ ची कार्यक्षमता सांगतो. प्रमाणित दिवा लागतच नाही.

पुढची पायरी तुम्हीच सांगाल. डिटेक्टर २ च्या आधी नमुना ठेवला, तर तोच भागाकार नमुन्याच्या पारगम्यतेनुसार कमी होईल. फोटॉन नमुन्यात अडला काय किंवा डिटेक्टरने चुकवला काय, मोजणीत दोन्ही सारखंच दिसतं. इंग्लंडमधल्या मालव्हर्नच्या संशोधन संस्थेत जेकमन आणि रॅरिटी यांनी १९८६ मध्ये फोटॉनांच्या जोड्या वापरून पारगम्यतेच्या मोजमापातला क्वांटम गोंधळ कमी करण्याची कल्पना मांडली. फायदा केवढा? आता नेमके १०,००० फोटॉन निघाल्याचं आपल्याला माहीत आहे. नमुन्यातून ९,९०० येतील आणि चढउतार असेल फक्त १० च्या आसपास. शंभराचा गोंधळ दहावर आला.

कागदावर इतकं छान, मग अडलं कुठे? हानीमध्ये. भिंगं, फिल्टर, फायबरचं तोंड, डिटेक्टर, प्रत्येक जण थोडे थोडे फोटॉन खातो. समजा, निम्मेच हाती आले. मग शोधायची घट उरते ५०, लेझरचा गोंधळ ७० आणि जोडीवाल्या प्रकाशाचा ५०. दहापट फायदा आला दीडपटीच्याही खाली! आणि लेझरचे फोटॉन दुप्पट केले, की तेवढाच फायदा फुकटात मिळतो. शिवाय डिटेक्टर १ कडे जाणारा फोटॉन वाटेत हरवला, तर त्याचा जोडीदार नमुन्यातून बेहिशेबी जातो. नमुन्यावर प्रकाश पडतो, पण मोजणीत तो धरला जात नाही.

मालव्हर्नच्याच गटाने १९९१ मध्ये शॉट नॉइजच्या खाली मोजमाप करून दाखवलं. पण सगळी हानी आणि नमुन्यातून गेलेला प्रत्येक फोटॉन हिशेबात धरूनही फायदा उरतो, हे दाखवणारा ब्रिस्टलचा प्रयोग प्रसिद्ध झाला तो २०१७ मध्ये. त्याच्या लेखकांमध्ये तेच जॉन रॅरिटी आहेत. मधे एकतीस वर्षं गेली. त्याच वर्षी ब्रिस्टलच्याच दुसऱ्या एका पेपरमध्ये, वर्णपटात सारखे दिसणारे हिमोग्लोबिनचे दोन प्रकार तपासले गेले. आदर्श लेझरपेक्षा कमी फोटॉनांत तीच अचूकता मिळाली.

हिमोग्लोबिनसारखा नमुना बघितलात, की या सगळ्याचा उपयोग कुठे आहे ते कळतं. नमुना दणकट असेल, तर सरळ लेझर वाढवा. जास्त प्रकाशाने जो बिघडतो, तिथेच "कमी फोटॉनांत" या शब्दांना किंमत आहे.

दुसरी एक वाट वेगळ्याच अडचणीतून निघाली: इन्फ्रारेडचे डिटेक्टर दृश्य प्रकाशाच्या डिटेक्टरांइतके चांगले नसतात. सिंगापूरच्या गटाने २०१६ मध्ये दोन स्फटिकांच्या मधे कार्बन डायऑक्साइड ठेवला. वायूतून गेलेला ४.३ मायक्रोमीटरच्या आसपासचा फोटॉन त्यांनी पकडलाच नाही. त्याच्या दृश्य जोडीदाराच्या व्यतिकरणावरून शोषण वाचलं. याचं मूळ रॉचेस्टरला मँडेल यांच्या गटाने १९९१ मध्ये केलेल्या प्रयोगात आहे.

प्रपोजल लिहिताना यातून दोन गोष्टी घ्या. एक, "गुंतलेले" हा शब्द जपून वापरा. मोजणीतला जो फायदा वर पाहिला, त्याला जोडीतल्या संख्या जुळणं पुरेसं असतं. पूर्ण एन्टँगलमेंट लागतच असं नाही. परीक्षक नेमकं हेच विचारतात. दोन, पहिल्याच पानावर लिहा की तुमच्या नमुन्यासाठी लेझर का वाढवता येत नाही, किंवा त्या तरंगलांबीला चांगला डिटेक्टर का मिळत नाही. त्यानंतर तुमच्या मांडणीत स्फटिकापासून डिटेक्टरपर्यंत किती टक्के फोटॉन टिकतात, तो आकडा काढा. विषय पक्का करायच्या आधी हा हिशेब एकदा कागदावर करून बघाच.