लेकरांना घरीच शिकवलं तर चालतं का? कायदा काय सांगतो आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांनी काय करावं

बीड : मोबाईलवर अधूनमधून एक बातमी फिरत असते. मुंबई-पुण्यातल्या कुणीतरी मुलीला शाळेतून काढलं, घरीच शिकवलं आणि पोरगी पुढं मोठ्या विद्यापीठात गेली. ती वाचून गावात कुणीतरी विचारतंच, मग आपण आपल्या लेकरांना घरी शिकवलं तर सरकार काही म्हणतं का? प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या जिल्ह्यात तो साधा नाही. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई अशा तालुक्यांतून टोळ्या कारखान्यांकडं निघतात. लेकरंही सोबत जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत शाळेबाहेर राहतात. म्हणून या विषयाची नीट माहिती घेऊ.

कायद्यात काय लिहिलंय?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठी केलेला शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम १० सांगतं की लेकराला जवळच्या शाळेत घालणं हे आई-वडिलांचं कर्तव्य आहे. पण ते पाळलं नाही तर आई-वडिलांना दंड किंवा कैद, असं या कायद्यात कुठंही नाही. घरी शिकवण्याला परवानगी देणारं कलमही नाही. म्हणजे घरचं शिक्षण धड मान्य नाही आणि त्याला शिक्षाही नाही.

उलट मान्यता नसलेली शाळा चालवणाऱ्याला मात्र १ लाखापर्यंत दंड आहे. आपल्या लेकराला घरी शिकवणं ही एक गोष्ट झाली. चार घरची लेकरं गोळा करून, फी घेऊन मान्यतेविना शाळा थाटणं ही वेगळी गोष्ट झाली.

घरी शिकलेल्याला परीक्षा देता येते का?

येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. १४ वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावीची परीक्षा देता येते. शाळा सुटलेल्यांसाठी राज्य मंडळात १७ नंबरचा फॉर्म आहे, तो आपल्याकडं बहुतेकांना माहीत आहे. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. शहरातले पालक याच वाटेनं जातात. १४ पर्यंत घरी शिकवतात, मग मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरतात. पण ते घरी असतात, वेळ देतात, पुस्तकं आणतात, शिकवणी लावतात. हे जमत असेल तर लेकरू मागं पडत नाही.

सक्ती कशाला आणली होती?

सरकारनं आपल्या घरात कशाला डोकवायचं, असं काही जण म्हणतात. घरी शिकण्याला आपल्याकडं मोठी परंपरा आहे, हे खरंच. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकवलं. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी घरी शिकवलं. पंडिता रमाबाईंना आई-वडिलांनी संस्कृत शिकवलं. पण प्रत्येक ठिकाणी घरात शिकलेलं आणि शिकवायची जिद्द असलेलं माणूस होतं. ज्या घरात कुणालाच अक्षर येत नव्हतं, त्या घरच्या लेकरांचं काय? म्हणून तर सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली.

पुढं बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीचं शिक्षण आणलं. पोरगं शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. त्या काळी रुपया लहान नव्हता. ही सक्ती लेकराच्या बाजूनं होती, कारण शेतात आणि कामावर त्याचे हात सगळ्यांनाच हवे होते.

बाहेरच्या देशांत काय चालतं?

जर्मनीत मुलाला शाळेत घालावंच लागतं, घरी शिकवणं चालत नाही. इंग्लंडच्या कायद्यात शाळेत किंवा अन्य प्रकारे शिकवा, अशी मुभा आहे. फ्रान्समध्ये आधी नुसतं कळवून भागायचं, २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेत सगळ्या राज्यांत घरी शिकवता येतं. काही राज्यं दरवर्षी चाचणी किंवा अहवाल मागतात, काही राज्यं फारसं विचारतही नाहीत.

आपल्याकडं अडचण कुठं आहे?

समजा उद्या सरकारनं जाहीर केलं की घरी शिकवा, कुणी विचारणार नाही. शहरातल्या चार शिकलेल्या घरांची सोय होईल. पण आपल्याकडं फडावर असलेलं लेकरू कागदावर ‘घरी शिकतंय’ असं दाखवलं जाईल. उचल घेतलेल्या जोडीला हात कमी पडतात. मग धाकटं भावंड सांभाळायला, वाढं गोळा करायला, मोळी बांधायला पोरगी लागते. कोपीवर राहिलेल्या पोरीची शाळा एकदा तुटली, की पुढच्या दोन-तीन वर्षांत तिच्या लग्नाचं बोलणं निघतं. हे आपल्याला कुणी बाहेरच्यानं येऊन सांगायची गरज नाही.

बालकामगार कायद्यातही २०१६ पासून एक पळवाट आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला मदत चालते. शाळेचं बंधनच उठलं तर ‘शाळा सुटल्यावर’ याला अर्थ काय उरतो?

घरी शिकणं कसं असतं, हे २०२० मध्ये आपण सगळ्यांनी बघितलंय. शाळा बंद, पण शिक्षण सुरू, असं सांगितलं गेलं. घरात एक मोबाईल, तोही बापाच्या खिशात. रेंजसाठी लेकरं टेकडावर बसली. ज्यांच्या घरी बघणारं माणूस होतं, ती टिकली. बाकीची वाचायचं विसरली.

मग सरकारनं किती लक्ष घालावं?

या सगळ्याचा विचार करता आमचं म्हणणं असं की सरकारनं भिंती मोजू नयेत, लेकरू मोजावं. कुणाला खरंच घरी शिकवायचं असेल तर बंदी नको, पण तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात. एक, लेकराचं नाव जवळच्या शाळेच्या दप्तरी असावं. दोन, वर्षातून दोनदा कुणीतरी लेकराला समोर बसवून वाचन आणि गणित बघावं, नुसता कागद बघू नये. तीन, लेकरू मागं पडलेलं दिसलं तर त्याला शाळेत आणायचा अधिकार असावा. आई-वडील शिकलेले असोत की अडाणी, नियम एकच असावा.

पण बंधन एकाच बाजूला नको. आरटीईच्या कलम ९ नुसार आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं नाही तर आई लेकराला कुणाच्या जिवावर मागं ठेवील? संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ऊसतोड कामगारांच्या ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं ठरली. प्रत्येकात १०० मुलांची सोय आहे. तालुक्यातल्या कोयत्यांच्या मानानं १०० म्हणजे किती, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

टोळी निघण्याआधी एवढं करा

१) मुख्याध्यापकांना भेटून सांगा, लेकरू मागं राहणार की सोबत येणार. मागं राहणार असेल तर गावात हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडं लेखी द्या.

२) सोबत नेणार असाल तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसवता येतं.

३) दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वर्ष मध्यावर आलंय, हेही कारण चालत नाही.

४) आठवी होईपर्यंत शाळा लेकराला काढून टाकू शकत नाही. परत आल्यावर त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावं लागतं आणि मागं पडलेला अभ्यास भरून काढायला खास शिकवणी द्यावी लागते.

५) कुणी ऐकलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कलम ३२ नुसार अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. पुढचं अपील राज्य बालहक्क आयोगाकडं करता येतं. लेकराला कामाला लावलंय किंवा पोरीचं लग्न लावतायत असं दिसलं तर १०९८ वर फोन करा. या नंबरला पैसे पडत नाहीत.

शेवटचं एक. मुकादमाच्या वहीत उचलीचा पैसा न् पैसा लिहिलेला असतो. लेकराचं नावही तसंच कुठल्या तरी शाळेच्या हजेरीत दर महिन्याला दिसलं पाहिजे.