कोथरूडचा सिंधुदुर्ग

आपत्तीची वेळ : सोमवार, २० ऑक्टोबर २०२५, नरकचतुर्दशी, पहाटे ५ वाजून १० मिनिटं. स्थळ : पुण्यात कोथरूडमधली एक चार मजली, सोळा बिऱ्हाडांची सोसायटी. आरोपी दोन, वय वर्षं नऊ आणि सहा, दोघंही आमच्याच घरातले. पुढचा तपशील सोसायटीच्या सीसीटीव्हीवरून, शेजाऱ्यांच्या जबान्यांवरून आणि आरोपींच्या कबुलीवरून जुळवला आहे. कबुलीसाठी दरडावावं लागलं नाही. आपलं कौतुक चाललंय असं त्यांना अजूनही वाटतं.

रविवार, सकाळी ९.०० (वीस तास आधी)

इमारतीच्या मागच्या बाजूला, नारळाजवळ, किल्ला उभा आहे. आठवडाभर विटांचे तुकडे, पोती आणि लाल माती वाहून दोघांच्या नखांचा रंग बदललाय. तटाच्या आत पेरलेले हळीव बोटभर वर आलेत.

एरवी आमच्याकडे राजगड नाहीतर प्रतापगड होतो. प्रतापगड मुलांना फार सोयीचा, कारण त्यात अफझलखान असतो. पण जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. थोरल्याने ती यादी फ्रिजवर चिकटवली आणि गल्लीत जे जे किल्ले होताना दिसले त्यांच्यावर फुली मारली. शेजारच्या सोसायटीत रायगड, समोर शिवनेरी, कोपऱ्यावर लोहगड. बेटावरच्या किल्ल्यांना मात्र कोणीच हात लावला नव्हता. का लावला नसेल, हे विचारायला घरात कोणी मोकळं नव्हतं.

म्हणून सिंधुदुर्ग. मालवणच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला त्याचं काम सुरू झालं आणि ते तीन वर्षं चाललं, हे मला आता झोपेतही सांगता येतं. पायात शिसं ओतलं होतं, हेही. शिसं मिळणार नाही म्हटल्यावर धाकट्याने पायात बाबांचं दाढीचं क्रीम ओतलं. कुंभारवाड्यातून आणलेली चित्रं मांडून झाली आहेत : सिंहासनावर महाराज, भालेवाले मावळे, तुतारीवाला, आणि तटाहून उंच एक गवळण. खरा दिल्ली दरवाजा बाहेरून दिसत नाही अशा खुबीने बांधलाय. आमच्या किल्ल्याचाही दिसत नाही, कारण त्याच्यापुढे डायनासोर बसवलाय.

सकाळी ११.३० (साडेसतरा तास आधी)

समुद्राची पहिली चाचणी. किल्ल्याभोवती हातभर रुंद चर खणून त्यात फ्लेक्स अंथरलाय. तो चौकातल्या खांबावरून पडलेला, एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा. उलटा घातला असता तर पांढरा समुद्र झाला असता. सुलट घातल्याने तळाशी हात जोडलेलं हसरं माणूस आहे.

वाऱ्याने फाटू नये म्हणून अशा फ्लेक्सला जागोजागी चंद्रकोरीसारख्या चिरा देतात. हे मलाही त्याच दिवशी कळलं. एक चीर नेमकी मिशीखाली होती. बादलीभर पाणी ओतलं की दहा मिनिटांत गडप.

दुपारपर्यंत बादल्या चालू राहिल्या. पाणी समुद्रासारखं दिसत नाही म्हणून धाकट्याने कपड्यांच्या निळीची आख्खी बाटली त्यात रिकामी केली. कोपरापर्यंत हात निळे. जेवायला बसल्यावर सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "श्रीकृष्ण आला जेवायला." विषय तिथेच संपला. दिवाळीत आजीला नातू कोणत्याही रंगात चालतो.

दुपारी ४.१५ (तेरा तास आधी)

सोमवारी दुपारी किल्ल्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते. तोवर समुद्र टिकायला हवा. थोरल्याने आढावा घेतला : बादल्यांनी भागणार नाही, बागेच्या नळाला पाइप लावून ती धार चालूच ठेवावी लागेल. आणि इथे मला माझ्या मुलांची बाजू मांडायची आहे. त्यांनी परवानगी मागितली. एकाची नाही, तिघांची.

पहिले सेक्रेटरी काका. ते गच्चीवरून सोडलेल्या दिव्यांच्या माळा सोडवत होते आणि फोनवर इलेक्ट्रिशियनवर खेकसत होते.

"काका, आम्ही रात्रभर चालू ठेवलं तर चालेल का?"

"चालेल की, दिवाळी आहे. फक्त शॉक लागणार नाही हे बघा."

मुलांनी पाहिलं. पाण्याचा शॉक लागत नव्हता.

दुसरे बाबा. ते स्टुलावर उभे, तोंडात सुतळी, हातात आकाशकंदील. तोंडात सुतळी असलेल्या माणसाचा "हं" हा होकार धरावा की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

संध्याकाळी ५.४० (साडेअकरा तास आधी)

तिसरी आजी, आणि खरं प्रकरण इथे घडलं. स्वयंपाकघरात चकल्यांवर संकट आलं होतं. मोहन जास्त पडलं असावं. चकली तेलात सोडली की विरघळत होती आणि झाऱ्यावर नुसता चुरा येत होता. सासूबाईंचा चेहरा कढईइतकाच तापलेला. मदतीला सासरे, गॅसच्या बटणापाशी उभे. त्यांना फक्त ज्योत कमीजास्त करण्याचं काम दिलं होतं आणि तेही जमत नव्हतं.

थोरला दारात येऊन म्हणाला, "आजी, समुद्राचा नळ रात्री बंद करायचा की चालू ठेवायचा?"

सासूबाई कढईवरची नजर न हलवता ओरडल्या, "बारीक ठेवा! सांगितलं ना, बारीक ठेवा, एकदम बंद करू नका!"

सासऱ्यांनी गॅस बारीक केला. नातवांनी खाली जाऊन नळ बारीक केला. ज्या घरात एका वेळी चार माणसं चार कामं करत असतात, तिथे एवढं आज्ञापालन वर्षातून एखाद्याच वेळी होतं.

संध्याकाळी ७.०५ (दहा तास आधी)

सीसीटीव्हीत आरोपी शेवटचे दिसतात ते असे : धाकटा एक पोतं घेऊन नळाकडे जातोय. नळ आणि पाइप पोत्याखाली झाकले गेले, वर थोडी माती, मातीवर प्लास्टिकचं झुडूप. कारण मालवणच्या समुद्राला नळ नसतो.

धार बारीक म्हणजे किती? मागून मोजली तेव्हा मिनिटाला पंधरा लिटर भरली, म्हणजे साधारण एक बादली. ती फ्लेक्सवर पडत होती, मिशीखालून निसटत होती, भिंतीकडेच्या उतारावरून गटारात जात होती. ना मोठा आवाज, ना चिखल. मागच्या बाजूला मांजराखेरीज कोणी जात नाही.

रात्री ८.३० (साडेआठ तास आधी)

मी लक्ष्मी रोडवरून परत आले. दोन्ही हातांत पिशव्या, आणि पायावर कोणाकोणाचे पाय पडलेले. जिन्यात मुलं भेटली.

"पाणी घेऊन झालं का?"

"हो, झालं."

खरंच झालं होतं. बादलीने पाणी घेण्याचं काम कायमचं संपलं होतं. मुलगे खोटं बोलतात असं म्हणणाऱ्यांना मुलगे नसावेत. ते विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतात, वर एक अक्षर नाही.

रात्री १०.०० (सात तास आधी)

उटणं वाटीत भिजवलं. देवापाशी कारीट ठेवली, सुवासिक तेलाची बाटली काढली, नवा साबण फोडला. धाकट्याच्या हातांची नीळ घासून निघाली नाही. "उद्या अभ्यंगस्नानात निघेल," मी म्हणाले. तो एक मावळा उशीखाली घेऊन झोपला. मावळ्याचा भाला सकाळी गादीत सापडला.

रात्री ११.४० (साडेपाच तास आधी)

मोटर सुरू झाली. गणपतीआधी सोसायटीने टाकीला स्वयंचलित यंत्रणा बसवली आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी खाली गेलं की मोटर आपोआप लागते आणि तळमजल्याच्या टाकीतलं पाणी वर चढतं. पूर्वी वॉचमन मोटर बंद करायला विसरायचा आणि गच्ची वाहायची, म्हणून हा उपाय. ज्याने तो सुचवला त्याचा गणेशोत्सवात नारळ देऊन सत्कारही झाला होता.

पहिल्या मजल्यावरचे आजोबा त्या आवाजाने जागे झाले. त्यांची जबानी : "म्हटलं, बघा, उद्या पहाटे सगळ्यांना पाणी लागणार म्हणून रात्रीच टाकी भरतायत. मला फार बरं वाटलं. मी झोपलो."

सोमवार, रात्री २.१५ (तीन तास आधी)

मोटर पुन्हा सुरू. सीसीटीव्हीत वॉचमन टॉर्च घेऊन मागच्या बाजूला जाताना दिसतो. तो किल्ल्यापाशी बराच वेळ थांबला. पडलेला तुतारीवाला उभा केला, विझलेली पणती सरळ केली, एकदा पाण्यात बोट घालून पाहिलं आणि परत गेला. नंतर तो म्हणाला, "झुळझुळ आवाज येत होता. पोरांनी जिवंत झरा केलाय वाटलं. लय भारी."

पहाटे ३.५० (सव्वा तास आधी)

खालची टाकी संपली. कोरडी चालून जळू नये म्हणून मोटर आपोआप थांबली. पॅनेलवर लाल दिवा लागला. पॅनेल जिन्याखाली आहे आणि त्याच्यापुढे आकाशकंदिलांचे रिकामे खोके रचलेले आहेत.

पहाटे ४.३० (चाळीस मिनिटं आधी)

सासूबाई उठल्या, गीझर लावला, चहाला पाणी घेतलं. वरच्या टाकीच्या तळाशी होतं तेवढं पाणी पाइपांतून खाली येत होतं. इमारतीत खिडकीमागून खिडकी उजळत होती. नरकचतुर्दशीचं स्नान चंद्रोदयानंतर आणि सूर्योदयाआधी व्हावं लागतं, आणि आमच्या सोसायटीत याबाबत नास्तिक कोणी नाही.

पहाटे ५.१०

घराघरांत साधारण एकच दृश्य होतं. पाटावर माणूस बसलेला, डोक्यावर तेल, अंगभर उटणं, पाटाभोवती रांगोळी. नळ सोडला. फुस्स.

यातली सगळ्यात क्रूर गोष्ट गीझरची. सोळा घरांत सोळा गीझर, प्रत्येकात पंधरा-पंचवीस लिटर कढत पाणी, आणि कोणालाही त्यातला एक थेंब मिळाला नाही. गीझरमधलं गरम पाणी बाहेर ढकलायला मागून गार पाणी यावं लागतं. मागून काहीच येत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गीझरला हात लावून पाहिला. तो गरम होता. त्या म्हणे काही न बोलता तशाच उभ्या राहिल्या.

५.२० पर्यंत सगळा जिना भरला होता. पंचे गुंडाळलेले, उटण्याने पिवळे झालेले, तेलाने चमकणारे पुरुष. सेक्रेटरी काकांच्या एका डोळ्यात उटणं गेलं होतं. त्यांनी दुसऱ्या डोळ्याने जिन्याखालचा लाल दिवा पाहिला आणि मग मागच्या बाजूने मुलांचा आनंदाने ओरडण्याचा आवाज ऐकला.

"भरला! समुद्र भरला!"

खरंच भरला होता. रात्रभर पाण्याबरोबर वाहून आलेल्या मातीने मिशीखालची चीर बुजली होती. काठोकाठ निळा समुद्र, मधोमध सिंधुदुर्ग, पाण्याखाली हसरे भावी नगरसेवक. सोळा बिऱ्हाडांतली माणसं अंगावर तेल घेऊन त्याच्याकडे बघत उभी राहिली. कोणीतरी पोतं उचलून नळ बंद केला. नऊ हजार लिटरांचा हिशेब मग तिथेच, पंचे सावरत झाला.

आजोबांनी विचारलं, "या पाण्याने आंघोळ होईल का?"

"खारं आहे," धाकटा म्हणाला. त्याने मीठही घातलं होतं. दोन किलो.

थोरला मात्र मदतीला पुढे आला. सिंधुदुर्गावर भर समुद्रात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. त्याने त्या तटाच्या आत केल्या होत्या, स्टीलच्या तीन वाट्या पुरून. "हे पाणी स्वच्छ आहे, काका. तुम्ही घ्या." सेक्रेटरी काकांनी साखरबावीतलं पाणी घेतलं आणि डोळा धुतला. संपूर्ण इमारतीत सूर्योदयापूर्वी पाणी लागलेला तेवढाच एक अवयव.

त्या दिवशी पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवला. टँकर पावणेआठला आला. शास्त्राप्रमाणे सोळाच्या सोळा बिऱ्हाडं नरकात जायची आहेत. कारीट मात्र सगळ्यांनी वेळेवर फोडली.

दुपारी चारला परीक्षक आले. उन्हाने मातीचं बूच वाळून निघालं होतं आणि समुद्र पुन्हा मिशीखालून गेला होता. किल्ल्याला दुसरं बक्षीस मिळालं. शेरा असा : "मांडणी उत्तम, माहितीफलक अचूक. समुद्रात पाणी हवे होते."

भाऊबीजेच्या दिवशी सूचनाफलकावर सेक्रेटरींच्या सहीचा कागद लागला : पुढील वर्षापासून सोसायटीच्या आवारात फक्त गिरिदुर्ग बांधावेत, जलदुर्गास परवानगी नाही. भुईकोट किल्ल्यांचा त्यात उल्लेख राहून गेलाय आणि भुईकोटाला खंदक असतो, हे थोरल्याने त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन लक्षात आणून दिलं.