इमारतीचे कर्तेपण: स्टीव्हन्स आणि सीताराम खंडेराव वैद्य

ग्रंथाच्या कर्तेपणाचा प्रश्न आपण साहित्याचे अभ्यासक फार गंभीरपणे घेतो. अभंगातील नाममुद्रा मूळची की मागाहून घातलेली, पोथी उतरवून घेणाऱ्याने पाठ किती बदलला, यावर आपल्याकडे मोठमोठे वाद झाले आहेत. वास्तूच्या बाबतीत मात्र ही चिकित्सा थांबते. एक इमारत, एक नाव, एवढ्यावर आपले समाधान होते. मुंबईतील एका वास्तुविशारदाच्या कारकिर्दीच्या निमित्ताने या सवयीचा विचार येथे करावयाचा आहे.

सावर्ड्यात बसून मुंबईच्या इमारतींचा विचार कशाला, असे कोणी विचारील. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांचा वाटा फार मोठा होता. कापसाच्या पैशावर जे शहर सजले, त्याच्या घडणीत कोकणच्या श्रमाचाही अंश आहे. शिवाय सावर्ड्यात आज चित्र-शिल्पाचे शिक्षण देणारे महाविद्यालय आहे. घडवणारा हात आणि मिरवणारे नाव यांतील अंतराचा प्रश्न तेथील विद्यार्थ्यांनाही परका नाही.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा जन्म १८४७ साली इंग्लंडमधील बाथ येथे झाला. १८६७ मध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. ही वेळ महत्त्वाची होती. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली होती, १८५६ मध्ये पहिल्या कापडगिरणीचे उत्पादन सुरू झाले होते आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या भावाने शहरात अमाप पैसा आणला होता. १८६५ नंतर तेजी कोसळली, अनेक सावकार बुडाले. पण किल्ल्याची तटबंदी पाडून मोकळी झालेली जागा आणि मोठ्या बांधकामांची हौस मागे उरली. तरुण स्टीव्हन्स यांना काम मिळाले ते या परिस्थितीत.

रॉयल आल्फ्रेड खलाशीगृह (१८७२-७६) हे त्यांचे पहिले लक्षणीय काम. या वास्तूत आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मुख्यालयाचे आणि स्थानकाचे काम त्यांच्याकडे आले. १८७८ साली सुरू झालेले हे बांधकाम १८८८ मध्ये पुरे झाले. त्याच्या भव्यतेमुळे आपण ती सरकारी इमारत समजतो. वास्तविक ही रेल्वे त्या वेळी सरकारी हमीवर चालणारी एक खाजगी कंपनी होती. प्रार्थनामंदिराची आठवण करून देणारा अष्टकोनी घुमट, कमानी, मनोरे हे सारे एका व्यापारी संस्थेच्या कचेरीसाठी होते. घुमटाच्या शिखरावर देवता नाही, ‘प्रगती’ची स्त्रीमूर्ती आहे. कंपनीला लोकांच्या मनात काय ठसवायचे होते, हे त्या एका मूर्तीवरून कळते.

सरकारी नोकरी सोडल्यावर स्टीव्हन्स यांनी स्वतंत्र व्यवसाय केला. १८९३ मध्ये पूर्ण झालेली महानगरपालिकेची इमारत, ओरिएंटल विमा कंपनीची कचेरी आणि चर्चगेटचे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे मुख्यालय (१८९४-९९) ही त्या काळातील कामे. रेल्वे, विमा, नगरपालिका ही यादीच बोलकी आहे. धर्मसंस्था वा दरबार यांच्याऐवजी आता भांडवल आणि नागरी कारभार वास्तुकलेचे आश्रयदाते झाले होते. १९०० साली, बावन्न वर्षांचे असताना, स्टीव्हन्स मुंबईतच वारले.

येथवरची हकीकत एका नावाभोवती फिरते. पण रेल्वेच्या त्या कामावर साहाय्यक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते आणि देखरेखीचे काम एम. एम. जनार्दन यांच्याकडे होते. दगडी कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. इमारतीच्या दर्शनी भागावर जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई यांच्यासह कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरलेले आहेत. वैद्य आणि जनार्दन यांच्यासाठी मात्र कागदपत्रांकडे वळावे लागते.

वैद्यांची पुढची वाटचाल आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. जमशेटजी टाटांनी ताजमहाल हॉटेल बांधायला घेतले, तेव्हा आराखड्याचे काम रावसाहेब वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांच्याकडे आले. काम चालू असतानाच वैद्यांचे निधन झाले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झाले. म्हणजे स्टीव्हन्स यांच्या हाताखाली काम केलेला एक मराठी माणूस एतद्देशीय भांडवलाच्या सर्वांत दिमाखदार वास्तूचा कर्ता झाला होता.

लोकांच्या तोंडी मात्र वेगळीच कथा आहे. कोणा परदेशी वास्तुविशारदाने नकाशे पाठवले, मुंबईत इमारत उलटी बांधली गेली आणि ते पाहून त्याने जीव दिला! या कथेला आधार नाही. मूळ प्रवेशद्वार हेतुतः शहराच्या बाजूस होते, कारण गाड्या तिकडून येत. समोरचे गेटवे ऑफ इंडिया खुले झाले ते १९२४ साली. पुढे समुद्राकडील बाजूसच प्रवेशद्वार आले आणि जुनी रचना ‘उलटी’ भासू लागली.

दंतकथा म्हणून ही गोष्ट रंजक आहे, पण तिची रचना तपासून पाहावी. तिच्यात कल्पना करणारा परदेशी आहे, चूक करणारा एतद्देशीय आहे आणि वैद्यांचे नाव कोठेच नाही. वसाहतकाळातील श्रेणीव्यवस्था शासकीय कागदांत जेवढी टिकली नाही, तेवढी ती आपल्याच तोंडी फिरणाऱ्या या कथेत टिकली आहे.

स्टीव्हन्स यांचे श्रेय कमी करावे, असा आमचा आग्रह नाही. त्यांची प्रतिभा आणि व्यवसायातील हुशारी वादातीत आहे. पण अनेक हस्तांनी सिद्ध झालेल्या ग्रंथाचे संपादन करताना आपण प्रत्येक हात वेगळा ओळखू पाहतो; तोच न्याय वास्तूंना लावावा. आपल्या विद्यार्थ्यांनी गावातील जुनी शाळा, धक्का, पूल वा कचेरी यांविषयी लिहिताना कोणी बांधले या प्रश्नाचे उत्तर एका नावात संपवू नये. पैसा कोणाचा, आराखडा कोणाचा, देखरेख कोणाची आणि दगड घडवला कोणी, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आणि ताजविषयी लिहिताना वैद्य, मिर्झा आणि चेंबर्स ही तिन्ही नावे त्याच क्रमाने लिहावीत.